ग्रिड आधुनिक करायची तर आधी तारा की आधी नियम?

तारेवरची_कसरत:
बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. कुठल्याही देशाची वीज ग्रिड, म्हणजे वीजकेंद्रांपासून घरापर्यंतचं तारांचं जाळं, सुधारायचा विषय निघाला की चर्चा दोन मिनिटांत वस्तूंवर घसरते. स्मार्ट मीटर बसवा, मोठ्या बॅटऱ्या आणा, एआय लावा. वस्तू वाईट आहेत असं नाही, पण त्या पैसे टाकले की बाजारात मिळतात. माझं म्हणणं असं की घोडं अडलंय नियमांपाशी, त्यातही एका फार कंटाळवाण्या नियमापाशी, तो म्हणजे तारांच्या कंपनीला नफा कशावर मिळतो.

जवळपास सगळीकडे पद्धत अशी की पारेषण कंपनी जेवढं भांडवल ओतेल तेवढ्यावर नियामक, म्हणजे वीजक्षेत्राचे दर-नियम ठरवणारी सरकारी संस्था, तिला ठरावीक टक्के परतावा देतो. आता समजा एक लाइन अपुरी पडतेय. शंभराची नवी लाइन टाकली तर परतावा शंभरावर. पाचाचे सेन्सर लावून जुन्याच लाइनमधून तेवढी जास्तीची वीज नेली तर परतावा पाचावर. तुम्ही कंपनी चालवत असता तर काय केलं असतं? एव्हर्च आणि जॉन्सन या अर्थतज्ज्ञांनी १९६२ मध्येच हे मांडून ठेवलंय, साठ वर्षं झाली, अजून बहुतेक ठिकाणी गाडं तिथंच.

सेन्सरचं उदाहरण हवेतलं नाहीये. तार तापली की लांबते, लांबली की दोन टॉवरमधला झोळ खाली येतो, आणि जमिनीपासून किती उंच राहायला हवी त्यावरून लाइनची मर्यादा ठरते. ही मर्यादा काढताना गृहीत काय धरतात तर कडक ऊन, वारा जवळजवळ पडलेला. म्हणजे वर्षातला सगळ्यात वाईट दिवस धरून आकडा काढायचा आणि तोच बहुतेक वर्षभर वापरायचा. वारा सुटला की तार गार होते, त्यातून बरीच जास्त वीज आरामात जाऊ शकते, आणि गंमत म्हणजे पवनचक्क्या जोरात असतात तेव्हाच वारा असतो. अमेरिकेच्या केंद्रीय नियामकानं डिसेंबर २०२१ मध्ये आदेश काढला की निदान हवेच्या तापमानाप्रमाणे तरी मर्यादा बदलत राहा. म्हणजे इतकी साधी गोष्ट करायलाही आदेश लागला!

तर तुम्हाला एकच नियम बदलायची मुभा दिली तर कुठला बदलाल?

मी_फक्त_वाचतो:
मस्त धागा. पण एकदम बेसिक प्रश्न, हसू नका. ग्रिडमध्ये जास्तीची वीज जाते कुठे? आणि फ्रिक्वेन्सी फ्रिक्वेन्सी जे म्हणतात ते घरातल्या माणसाला कधी दिसतं का?

रिलेवाला:
हसायचं काय त्यात, चांगला प्रश्न आहे. जास्तीची वीज कुठेच जात नाही. तारेत वीज साठत नाही, ज्या क्षणी जेवढी वापरली त्या क्षणी तेवढीच तयार व्हायला लागते. वापर जास्त झाला की सगळे जनित्र एकदमच किंचित मंदावतात, वापर कमी झाला की किंचित पळतात. ते मंदावणं-पळणं म्हणजे फ्रिक्वेन्सी.

आमच्या उमेदवारीत कंट्रोल पॅनेलवर काड्यांचा फ्रिक्वेन्सी मीटर असायचा. एका खिडकीत शेजारी शेजारी पोलादी पट्ट्या, टोकांना पांढरा रंग, प्रत्येकीची लांबी जरा वेगळी. आपल्याकडे फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ लागते, त्यामुळे ५० ची पट्टी जोरात थरथरत असली की सगळं ठीक. ती आणि शेजारची ४९.५ ची सारख्याच थरथरायला लागल्या की समजायचं गाडी ४९.७५ वर आली, आता फोन वाजणार. आता डिजिटल आकडे आले, तीन दशांश दिसतात, पण त्या पट्ट्यांकडे बघून पोटात जो गोळा यायचा तो आकड्यांकडे बघून येत नाही.

घरातल्या माणसाला हे दिसत नाही, दिसूही नये. पण एकदा भारतात कोट्यवधी लोकांनी नकळत हा प्रयोग केलाय. ५ एप्रिल २०२०, रात्री ९ वाजता ९ मिनिटं दिवे बंद. अंदाज होता मागणी १२-१३ हजार मेगावॉटनं पडेल, पडली ३१ हजारांहून जास्त. फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ च्या मध्ये राहिली, ग्रिड उभी राहिली. कशामुळे? जलविद्युतवाल्यांनी आधी पाणी राखून ठेवलं, मग निर्मिती चढवली, आणि बरोबर वेळेवर ती साडेसतरा हजार मेगावॉटनं पंचवीसेक मिनिटांत खाली घेतली. त्या रात्री कुठलंही नवीन यंत्र कामाला आलं नाही, आधी केलेली तयारी आली.

सूर्यफूल:
रिलेवाला काकांचा प्रतिसाद वाचून मजा आली. पण तारेवर, तुमच्या मांडणीत एक गडबड आहे. सेन्सर वगैरे करून जुन्या लाइनी पिळून किती पिळणार? आज सगळ्यात मोठा बोळा आहे तो रांगेचा. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं २०२३ मध्ये सांगितलं की जगभरात ३००० गिगावॉटचे (एक गिगावॉट म्हणजे हजार मेगावॉट) सौर-पवन वगैरे प्रकल्प ग्रिडला जोडणी मिळायची वाट बघत बसलेत, त्यातले निम्मे बऱ्यापैकी तयारीतले. पॅनेल सहा महिन्यांत उभी राहतात आणि लाइनला सात-आठ-दहा वर्षं, म्हणजे वऱ्हाड येऊन बसलंय आणि मांडवाच्या बांबूचीच परवानगी नाही.

आणि रांगेचा नियम काय तर जो पहिला आला तो पहिला. मग लोक काय करतात, जमीन नाही पैसा नाही तरी नंबर लावून ठेवतात, एकाच प्रकल्पाचे तीन ठिकाणी तीन अर्ज टाकतात, बघू कुठला लागतोय. मागचा खराखुरा तयार माणूस ताटकळतो. ब्रिटनमध्ये रांग ७०० गिगावॉटच्या वर गेली, त्यांच्या एकूण गरजेच्या कितीतरी पट, तेव्हा कुठे त्यांनी नियम उलटा केला, जो तयार आहे आणि ज्याची गरज आहे तो आधी. अमेरिकेनंही २०२३ मध्ये जवळपास तेच केलं, एकेक अर्ज तपासायच्या ऐवजी गठ्ठ्यानं अभ्यास करायचा आणि अनामत मोठी ठेवायची.

पण माझा एक नियम विचाराल तर लाइन आधी, प्रकल्प नंतर. टेक्सासनं हे करून दाखवलंय. २००५ मध्ये कायदा केला, वारा कुठे चांगला आहे ते नकाशावर आखलं आणि तिथे पवनचक्क्या उभ्या राहायच्या आधीच लाइनी टाकायला घेतल्या, सुमारे ३६०० मैल, साधारण १८,५०० मेगावॉट नेतील एवढ्या. २०१४ च्या सुरुवातीपर्यंत पूर्ण. लोक म्हणत होते रिकाम्या राहतील म्हणून, काही वर्षांतच भरल्या.

शंकासुर:
टेक्सासचं कौतुक करताय म्हणून आठवण करून देतो, फेब्रुवारी २०२१. हीच ग्रिड थंडीत पूर्ण आडवी व्हायला काही मिनिटं उरली होती. फ्रिक्वेन्सी ५९.४ च्या खाली ४ मिनिटं २३ सेकंद होती, तिथं ६० ची ग्रिड असते, नऊ मिनिटं झाली असती तर जनित्रं ग्रिडपासून आपणहून सुटली असती. शेजाऱ्यांशी जोडणी जवळपास नाहीच, कारण केंद्रीय नियामकाचा हात लागू नये म्हणून मुद्दाम वेगळं राहायचं. आणि वर कळस म्हणजे लोडशेडिंग करताना गॅस काढणाऱ्या यंत्रणेचीच वीज कापली, गॅस नाही म्हणून वीज नाही आणि वीज नाही म्हणून गॅस नाही. लाइन आधी टाकली हे बरोबर, पण निव्वळ लाइनीनं ग्रिड होत नाही.

दुसरं म्हणजे लाइन टाका लाइन टाका म्हणणाऱ्यांच्या जमिनीतून ती सहसा जात नाही. जर्मनीत उत्तरेचा वारा दक्षिणेच्या कारखान्यांपर्यंत न्यायला ७०० किलोमीटरची स्यूडलिंक नावाची लाइन ठरली. २०२२ ला चालू व्हायची होती, आता २०२८ म्हणतात. गावांनी टॉवरला विरोध केला म्हणून केबल जमिनीखालून न्यायचं ठरलं, मग सगळा आराखडा पहिल्यापासून, मग खर्च. लोकांचा विरोध म्हणजे अडथळा असं धरूनच सगळे बोलतात. ज्याच्या शेतात टॉवर येतो त्याला एकदा भरपाई देऊन मोकळं व्हायचं आणि लाइनीचं उत्पन्न पुढची चाळीस-पन्नास वर्षं दुसऱ्यानं खायचं. त्याला दरवर्षी भाडं द्या ना! माझा एक नियम हा.

हिशोबनीस:
शंकासुरांना भाड्याच्या मुद्द्यावर +१. नियोजनातल्या दोन वर्षांच्या उशिराचा खर्च मांडला तर भाडं स्वस्त पडेल बहुतेक ठिकाणी.

आता माझं तुणतुणं. सगळे म्हणतात लाइन हवी, भरायचं कोणी? लाइन अ प्रांतात सुरू होते, ब मधून जाते, क मध्ये वीज उतरते. ब म्हणतो माझ्याकडे नुसते टॉवर, मी का भरू. अ म्हणतो वीज तर क वापरणार. क म्हणतो तुमचे प्रकल्प, तुमची कमाई. यात दहा वर्षं जातात, इंजिनियरिंगमध्ये दोन-तीनच. माझ्या मते सूत्र आधी ठरवायचं, लाइन नंतर. ज्याला फायदा त्यानं भरायचं, आणि फायदा मोजायची रीत कायद्यात लिहून ठेवायची, प्रत्येक लाइनच्या वेळी नव्यानं भांडायचं नाही. अमेरिकेच्या मे २०२४ च्या आदेशात हेच आहे, पुढच्या किमान २० वर्षांचा विचार करून आराखडा करा आणि खर्चवाटणीचं आधीच बोला.

दुसरी गोष्ट कोणाला आवडणार नाही. ग्रिडचा खर्च बहुतांश स्थिर असतो, तार टाकली की टाकली, तुम्ही दहा युनिट वापरा की शंभर. पण बिलात तो आपण युनिटवर लावतो. मग ज्याला परवडतं तो छतावर पॅनेल लावतो, युनिटं कमी होतात, त्याचा तारेचा वाटा कमी होतो, आणि संध्याकाळी सूर्य मावळला की तीच तार तो पूर्ण वापरतो. उरलेला वाटा जातो भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याच्या बिलात. सूर्यफूल चिडतील, पण तारेचं भाडं वेगळं आणि विजेची किंमत वेगळी दाखवल्याशिवाय हे सुटत नाही.

सूर्यफूल:
चिडलो नाही पण अर्धवट आहे ते. सगळं स्थिर आकारात टाकलं तर जो कमी वापरतो, बहुतेक वेळा गरीबच, त्याचंही बिल वाढतं, आणि वीज वाचवायचं कारणच संपतं. वेळेप्रमाणे दर ठेवा. दुपारी स्वस्त, संध्याकाळी महाग. मग छतवाला आपणहून बॅटरी लावेल आणि संध्याकाळी तुमच्या तारेवरचा भार कमी करेल. तेव्हा त्याला पैसे द्याल का?

हिशोबनीस:
देईन. आणि स्थिर आकार मंजूर लोडप्रमाणे लावायचा, सरसकट नाही, म्हणजे छोट्याला छोटा. त्यावर आपलं जमतंय असं धरतो.

शंकासुर:
वेळेप्रमाणे दर म्हणताना टेक्सासचंच पुढचं ऐका. काही घरांनी घाऊक बाजाराचा दर थेट घ्यायची योजना घेतली होती, वर्षभर स्वस्त. त्या आठवड्यात घाऊक दर मेगावॉट-तासाला ९००० डॉलर या कमाल मर्यादेला जाऊन बसला आणि लोकांना हजारो डॉलरची बिलं आली. त्यामुळे वेळेचा दर ठीक, पण दोनतीन ठरलेले टप्पे, आधी जाहीर केलेले. बाजाराचा धोका घरगुती माणसाच्या डोक्यावर टाकणं ही सुधारणा नव्हे.

मी_फक्त_वाचतो:
हे पैशाचं थोडं थोडं कळलं. पण स्पेन-पोर्तुगाल बंद पडलं होतं ना, तेव्हा सगळे म्हणत होते सौरऊर्जेमुळे पडलं. ते खरं का?

रिलेवाला:
अर्धं खरं, आणि ज्या अर्ध्यावर भांडण झालं ते चुकीचं अर्धं.

२८ एप्रिल २०२५, दुपारी साडेबाराच्या सुमारास. काही सेकंदांत स्पेनमधली सुमारे १५ गिगावॉट निर्मिती गेली. पण सुरुवात वीज कमी पडली म्हणून झाली नाही, व्होल्टेज वर गेलं म्हणून झाली. व्होल्टेज वाढलं की प्रकल्प स्वतःला वाचवायला सुटतो, तो सुटला की व्होल्टेज आणखी वाढतं, मग पुढचा सुटतो. पत्त्यांचा बंगला. व्होल्टेज आवरायला रिअॅक्टिव्ह पॉवर लागते, म्हणजे काम न करता तारेत नुसती ये-जा करणारी वीज, ती सोडायची किंवा शोषायची असते. सौर प्रकल्पांचे इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज ग्रिडला चालेल अशी करून देणारे डबे, हे काम उत्तम करू शकतात, पण बऱ्याच प्रकल्पांना तिथल्या नियमानुसार पॉवर फॅक्टर, म्हणजे कामाची वीज आणि ही वीज यांचं प्रमाण, एका ठरावीक आकड्यावर धरून बसायचं होतं, व्होल्टेजकडे बघायचंच नाही. आणि ज्या पारंपरिक केंद्रांकडे ते काम होतं त्यांनीही पुरेसं शोषलं नाही. नियम बदलायचा प्रस्ताव आधीपासून पडून होता. मंजूर झाला जून २०२५ मध्ये, बैल गेल्यावर. म्हणजे तारेवर म्हणतायत तेच, यंत्र तयार होतं, नियम तयार नव्हता.

दक्षिण ऑस्ट्रेलियात २०१६ च्या सप्टेंबरमध्ये अख्खं राज्य अंधारात गेलं तेही तसंच. वादळानं टॉवर पाडले, व्होल्टेजला पाठोपाठ झटके बसले. पवनचक्क्यांच्या आत एक सेटिंग होती, थोड्या वेळात इतके झटके खाल्ले की मशीन मागे घ्यायचं. ग्रिड चालवणाऱ्यांना ती सेटिंग माहितीच नव्हती. ४५६ मेगावॉट गेले, मग शेजारच्या राज्याची जोडलाइन ओव्हरलोड होऊन सुटली. त्यानंतर तिथे २०१७ मध्ये १०० मेगावॉटची बॅटरी आली ती जगभर गाजली, पण त्याहून साधी गोष्ट मला जास्त आवडते, त्यांनी चार सिंक्रोनस कंडेन्सर बसवले. म्हणजे वीज न बनवणारं, नुसतं फिरत राहणारं जड मशीन, ग्रिडला वजन यावं म्हणून. जुन्या तंत्राची ही गोष्ट आधुनिकीकरणाच्या सादरीकरणात कोणी दाखवत नाही, दिसायला पंपासारखी दिसते ना.

तारेवरची_कसरत:
काका, यासाठीच धागा काढला होता.

सूर्यफूल यांना, लाइन नकोच असं मी म्हणत नाहीये. पण लाइनच्या आधी त्याच टॉवरवर तार बदलता येते. पोलादी गाभ्याच्या जागी कॉम्पोझिट गाभ्याची तार, तापली तरी झोळ फार येत नाही, त्याच वाटेवरून जवळपास दुप्पट वीज नेता येते. नवी जमीन नाही, बहुतेक वेळा नवा टॉवर नाही. शंकासुरांच्या शेतकऱ्यालाही त्रास कमी. आता कंपनीला वाचवलेल्या पैशातला ठरावीक वाटा ठेवायला दिला तर ती हे आपणहून करेल. ब्रिटननं २०१३ पासून असा प्रयत्न केला, नुसत्या खर्चावर परतावा न देता कामाच्या निकालावर द्यायचा. सगळं सुरळीत झालं नाही, कंपन्यांना जास्तच मिळाल्याची ओरड झाली, पण दिशा बरोबर.

बॅटरीचंही तेच. बऱ्याच ठिकाणच्या कायद्यात बॅटरी ना घर का ना घाट का. चार्ज होताना ती ग्राहक म्हणून तारेचे पैसे भरते, सोडताना जनित्र म्हणून पुन्हा भरते, आणि वीज तर तीच. साठवणूक असा तिसरा खाना कायद्यात काढा, आकार एकदाच लावा. यात कुठलं रॉकेट सायन्स आहे.

शंकासुर:
एक राहिलंच. हे सगळं सेन्सर, इन्व्हर्टर, छतावरच्या बॅटऱ्या म्हणजे लाखो डब्बे इंटरनेटला जोडलेले. डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनमध्ये तीन वितरण कंपन्यांत बाहेरच्यांनी घुसखोरी केली. ऑपरेटर खुर्चीत बसलेला, त्याच्या डोळ्यांसमोर माउसचा बाण आपोआप फिरतोय आणि एकेक ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारा मोठा स्विच, उघडतोय. सव्वादोन लाख ग्राहक अंधारात. आणि वाचले कशामुळे? माणसं गाडीत बसून सबस्टेशनला गेली आणि हातानं ब्रेकर लावले, काही तासांत वीज आली. आपल्या या आधुनिक ग्रिडमध्ये हातानं लावायचा दांडा असणार का?

हिशोबनीस:
दांडा असेल पण तो फिरवता येणारा माणूस निवृत्त झालेला असेल.

रिलेवाला:
हा टोमणा मला लागला बरं का :)

पण मुद्दा शंभर टक्के बरोबर, आणि तुम्ही सगळ्यांनी एकेक नियम सांगितला तर माझा ऐका, एकदम बिनग्लॅमरचा. २०१२ च्या ३० जुलैला मध्यरात्रीनंतर उत्तर भारत गेला तेव्हा बीना-ग्वाल्हेर लाइनची एक सर्किट कामासाठी बंद होती, दुसरीवर भार वाढत गेला, आणि रिलेनं, म्हणजे बिघाड दिसला की लाइन आपोआप तोडणाऱ्या उपकरणानं, तो भार बिघाड समजून लाइन सोडली. तार तुटली नव्हती, कुठे शॉर्ट झालं नव्हतं. डिस्टन्स रिले बिघाड किती लांब आहे ते बघतो, त्याचा तिसरा झोन म्हणजे लांबवरचा टप्पा, भार खूप वाढला आणि व्होल्टेज पडलं की त्याला तो लांबचा बिघाड वाटतो. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा कोसळली, तेव्हा ६० कोटींहून जास्त लोकांची वीज गेली.

आता माझा अनुभव. एका सबस्टेशनला टेस्टिंगला गेलो होतो, नाव सांगत नाही. कपाटात सेटिंगचा कागद, सही-शिक्क्यासकट, व्यवस्थित प्लॅस्टिकच्या कव्हरात. रिलेत बघतो तर तिसऱ्या झोनचा आकडा वेगळाच. विचारलं तर कोणालाच माहीत नाही. कधीतरी कोणीतरी लाइन वारंवार सुटते म्हणून बदलला असणार, किंवा नवा रिले आला तेव्हा मूळचा डिफॉल्ट तसाच राहिला असणार. चहूबाजूला नवी कोरी स्क्रीनवाली पॅनेलं, आणि आत काय लिहिलंय ते एकालाही ठाऊक नाही. आम्ही दोघं जण संध्याकाळपर्यंत एकेक बे, म्हणजे सबस्टेशनातली एकेका लाइनची जोडणी, तपासत बसलो, बावीसपैकी पाच ठिकाणी फरक निघाला.

तर माझा नियम, प्रत्येक रिले, प्रत्येक इन्व्हर्टर, प्रत्येक पवनचक्कीच्या आतली सेटिंग ग्रिड चालवणाऱ्याकडे नोंदलेली पाहिजे, बदलली तर त्याच दिवशी कळवायची, आणि दरवर्षी बाहेरच्या माणसानं येऊन कागद आणि डब्बा ताडून बघायचा. जोडीला ब्लॅकस्टार्टची, म्हणजे सगळं बंद पडल्यावर ग्रिड पुन्हा उभी करायची, रंगीत तालीम, खरीखुरी, एखादं जलकेंद्र बाहेरच्या विजेशिवाय उठवून एक लाइन चार्ज करून दाखवायची. कागदावरची नको.

मी_फक्त_वाचतो:
काका, त्या पाच ठिकाणचं पुढे काय झालं?

रिलेवाला:
रिपोर्ट दिला. चारची सेटिंग त्याच आठवड्यात दुरुस्त झाली. पाचव्याला शटडाउन मिळेना, कारण त्या लाइनवर भार फार होता.